दिवा लागल्यावर दुकान बंद

वानखडे मॅडम हजेरी नावाने घेत नसत, गावाने घेत.

"धाड?"

"हजर."

"मोताळा?"

"हजर, मॅडम."

"उंद्री? उंद्री आज आली का नाही?"

उंद्री म्हणजे मी. सुरुवातीला फार राग यायचा. कॉलेजचं तोंड पाहणारी आमच्या घरातली मी पहिली. आईला तिची सही मी शिकवली, तिने मला नाही. आणि एवढं करून मिळवलेलं नाव या बाई घेतच नाहीत म्हणजे काय? एक दिवस वर्गातच म्हणाले, "मॅडम, मला नाव आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाव तं तुह्यासारखं आणखी धाजणींचं असंन. या वर्गात दुसरी उंद्री आहे का?"

नव्हती. तेव्हापासून मी उंद्री म्हणून उभी राहू लागले. आज पुण्यात कुणी गाव विचारलं तर मी 'बुलढाण्याकडची' असं मोघम सांगत नाही. उंद्रीची आहे म्हणते. समोरच्याला माहीत नसेल तर ती त्याची अडचण.

मॅडम आम्हाला बी.सी.ए.ला ई-कॉमर्स शिकवायच्या. धाडहून बुलढाण्याला जीपने यायच्या, नाही मिळाली तर एसटीने. खांद्याला दोन पिशव्या, एक लॅपटॉपची आणि एक भाजीची, आणि दोन्ही सारख्याच फुगलेल्या. उंचीने एवढ्याशा, पण चालायच्या अशा की गॅलरीतली पोरं आपोआप भिंतीला लागत. खडू स्वतःचे आणायच्या, रुमालात गुंडाळून. कारण त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे, आणि स्टाफरूममध्ये अशा माणसाला कपाट नसतं. त्यांचं कपाट म्हणजे खिडकीचा कट्टा. किती वर्षं? मी यायच्या आधीपासून तो कट्टा त्यांचाच होता.

पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "ई-कॉमर्स म्हणजे काय?" मोताळ्याचा एक हुशार मुलगा उभा राहिला आणि गाइडमधलं वाक्य धाडधाड म्हणून मोकळा झाला. इलेक्ट्रॉनिक माध्यमांद्वारे होणारी वस्तू व सेवांची खरेदी-विक्री वगैरे.

"वा," मॅडम म्हणाल्या. "आता हे वाक्य घेऊन बाजारात जाय, अन् एक मेथीची जुडी घेऊन ये."

वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. फळ्यावर तीन गोल काढले. एका कडेला विकणारा, दुसऱ्या कडेला घेणारा, आणि मधात एक. "हा मधातला काही नवा नाही. पहिले अडत्या होता, दलाल होता, आता मोबाइलमधी येऊन बसला. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याबिगर धाडची मिरची मुंबईले जाईन कशी? पण एक ध्यानात ठेवजा. मधातल्यानं मधात राह्याचं. ज्या दिवशी तो सांगाले लागला का दुकान कवा उघडायचं न् कवा बंद करायचं, त्या दिवशी दुकान त्याचं झालं."

मग तो त्यांचा प्रश्नच होऊन बसला. शॉपिंग कार्ट शिकवताना, पेमेंट शिकवताना, माल परत करायचे नियम शिकवताना त्या मधेच थांबत आणि कुणाकडेही खडू रोखत. "इथं दुकान कोणाचं?" कुणी 'वेबसाइटचं' म्हटलं की खडू खिडकीबाहेर जायचा. तो खडूही त्यांच्याच पैशाचा.

संगणकाची लॅब होती, नाही असं नाही. संगणकांना फुलाफुलांचे अभ्रे घातलेले होते आणि दाराला कुलूप. किल्ली ज्या कायम नोकरीवाल्या सरांकडे असायची ते कायमचेच रजेवर. मग मॅडम वर्गातच दुकान मांडत. धाड विकणारी, मोताळा घेणारा, आणि मी पेमेंट गेटवे, म्हणजे पैशाचा नाका, म्हणून दारात उभी. मी मान हलवल्याशिवाय वही या बाकावरून त्या बाकावर जायची नाही. एकदा मुद्दाम मान हलवलीच नाही, तर मॅडम म्हणाल्या, "बरोबर. असंच होते. आता गिऱ्हाईक कोणावर चिडंन? तुह्यावर नाही. दुकानावर." पुढे पुण्यात मोठमोठ्या हॉलमधल्या ट्रेनिंगांना बसले. त्या दारात उभं राहून जे कळलं होतं त्याच्या पलीकडचं फारसं कुणी काही सांगितलं नाही.

आणि फोटोची गोष्ट. वर्षाअखेरीस स्टाफचा फोटो होता. खुर्च्या मांडल्या, सगळे बसले, मॅडम मागच्या ओळीत उभ्या राहिल्या. तेवढ्यात ऑफिसमधले एक बाबू आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, आधी परमनंटचा घेऊ. तासिकावाल्यांचा मग वेगळा घेऊ." वेगळा कधी घेत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडम ओळीतून बाहेर आल्या आणि पायऱ्यांवर आम्ही पोरं बसलो होतो तिथे, आमच्या मधात येऊन बसल्या. फोटोग्राफरला म्हणाल्या, "याचाबी एक काढ भाऊ. हे परमनंट आहे."

तो फोटो माझ्याकडे आहे. स्टाफचा फोटो कुठे आहे ते मला माहीत नाही, आणि जाणून घ्यायचंही नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना ते सॉफ्टवेअर आलं. जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बायकांचा माल ऑनलाइन विकायचा असा एका संस्थेचा मोठा प्रकल्प होता. सॉफ्टवेअर पुण्याची एक कंपनी करणार, आणि बायकांना शिकवायचं काम आमच्या कॉलेजकडे. कॉलेजने ते कुणाला दिलं असेल? त्याच सुमारास कॉमर्सच्या विभागात एक कायम जागा भरायची होती. कॉलेजच्या संस्थेचे सचिव साहेब मॅडमना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "एवढा प्रकल्प नीट पार पाडा मॅडम, मग जागा तुमचीच." हे चपराशालासुद्धा ठाऊक होतं. मदतीला मॅडमनी आम्हा चार पोरींना घेतलं.

पहिली बैठक धाडच्या शाळेतल्या एका खोलीत झाली. कंपनीचे निखिल सर आले होते. प्रोजेक्ट मॅनेजर, माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठे, बोलायला गोड. समोर सतरंजीवर बायका, आणि पुढे कमलबाई. कमलबाईच्या गटाचं लिंबाचं लोणचं, मूगवड्या आणि सांडग्या मिरच्या धाडच्या बाजारात हातोहात जात. निखिल सरांनी समजावलं की ऑर्डर आली की फोन वाजेल, पंधरा मिनिटांत 'स्वीकारा' हे बटण दाबायचं. नाही दाबलं तर ऑर्डर रद्द, दुकानाचे गुण कमी. गुण फार कमी झाले तर दुकान लोकांना दिसणं बंद.

कमलबाईने विचारलं, "अन् दिवा लागल्यावर आली तं?"

"चोवीस तास चालतं मावशी. ऑनलाइन दुकान बंदच होत नाही."

"आमचं होते," कमलबाई म्हणाली. "दिवा लागल्यावर मिठाचा जिन्नस आमी उंबऱ्याबाहेर देत नाही. सख्खी बहीण आली तरी सकाळी ये म्हनतो."

निखिल सर हसले, पण समजावणीने म्हणाले, "माल कुठे तेव्हा द्यायचाय? फक्त बटण दाबायचं. माल सकाळी पाठवा ना."

"हो म्हटलं म्हणजे दिलंच न, दादा. जबान दिल्यावर मंग काय राह्यलं?"

मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं. डोळे चमकत होते. "ऐकलं का उंद्री? स्वीकार झाला का सौदा झाला. दुसऱ्या युनिटमधी हेच आहे." मग निखिल सरांना म्हणाल्या, "सर, सोपी गोष्ट आहे. प्रत्येक दुकानाला उघडायची आणि बंद करायची वेळ टाकता येईल अशी सोय द्या. बंद वेळेत ऑर्डर आली तर सकाळपर्यंत थांबेल."

"हे मूळ कामात नाही मॅडम. चेंज रिक्वेस्ट होईल. फेज टूमध्ये बघू."

त्या दिवशी फेज टूमध्ये बरंच काही गेलं. पोर्टल मराठीत हवं, फेज टू. रेंज गेली तर गुण कापू नका, फेज टू. फेज वनमध्ये मग होतं तरी काय? उद्घाटन होतं.

मॅडम धाडच्याच, तरी आम्हा पोरींना पोचवायला बुलढाण्यापर्यंत जीपमध्ये आल्या. वाटेत म्हणाल्या, "माही नोकरीबी फेज टूमधीच आहे पाह्य." मी हसले. त्यांनी नजर बाहेरच ठेवली.

मी विचारलं, "मॅडम, तुम्ही मानता हे मिठाचं?"

"मी? माह्या घरी रात्री शेजारीण मीठ मागाले आली तं बरणीच देते हातात."

ते खरं होतं. मॅडम बौद्ध. दिव्याच्या, मिठाच्या, आडव्या मांजराच्या असल्या सगळ्या गोष्टींवर त्यांच्या घरात वडिलांच्या काळापासूनच फुली.

"मग कमलबाईंची बाजू का घेतली?"

"तिची बाजू नाही घेतली. थे खुळ आहे असं मी तिले तिच्या ओट्यावर बसून सांगते. दर साली भांडते. थेबी माह्याशी भांडते. पण आमचं भांडण आमी करू. कोण्या मशीननं तिचे गुण कापून तिले शहाणी करायची गरज नाही. दुकान कोणाचं?"

नंतर मला धाडच्याच मैत्रिणीकडून कळलं की कमलबाईचं सासर म्हणजे ज्या घरात एके काळी मॅडमच्या आईला पाणी वरून ओतत, तेच घर. मॅडम हे कधी बोलल्या नाहीत. आमच्याजवळ नाही, कुणाजवळच नाही. मी हे इथे लिहिते आहे कारण 'वानखडे बाईंनी कमलबाईवर जातीचा जुना राग काढला' असं पुढे बोलणारे शहाणेही मी स्टाफरूमच्या दारात ऐकले आहेत.

उद्घाटन बुलढाण्याला सभागृहात होतं. पत्रिकेत दुपारची वेळ. पाहुणे आले तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. आल्यावर दीपप्रज्वलन. पाहुण्यांनी समई लावली, टाळ्या झाल्या, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या कमलबाईने ज्योतीला हात जोडले. मी मंचाच्या कडेला लॅपटॉपवर होते. मी तिला हात जोडताना पाहिलं. म्हणजे तिच्या लेखी दिवा लागला होता.

प्रात्यक्षिकाच्या आधी निखिल सर माझ्या खांद्यावरून वाकले. पंधरा मिनिटं लोक कंटाळतील, मुदत दोन मिनिटांची करू, म्हणाले. सेटिंग उघडलं, चौकटीतला आकडा बदलला, सेव्ह केलं. झालं. कसली चेंज रिक्वेस्ट नाही, फेज टू नाही. पाहुणे कंटाळू नयेत म्हणून वेळ बदलता येत होती. कमलबाईसाठी येत नव्हती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्यानंतर मला कुणी 'तांत्रिक अडचण' हा शब्द सांगितला की मी पहिल्यांदा त्याचं तोंड पाहते.

पाहुण्यांनी मोठ्या पडद्यावर लिंबाचं लोणचं निवडलं. कमलबाईच्या मांडीवरचा फोन वाजला. पडद्यावर घड्याळ उलटं धावू लागलं.

"दाबा मावशी," निखिल सर म्हणाले.

कमलबाई हलली नाही.

"दाबा हो बाई, दाबा!" सचिव साहेब. मग मागच्या रांगेतूनही आवाज यायला लागले. कुणी हसलं. कुणी म्हणालं, "घाबरली!" ती घाबरलेली नव्हती. ती उठली, वळली, आणि भिंतीशी माइक घेऊन उभ्या असलेल्या मॅडमकडे पाहिलं.

"मास्तरीण, दिवा लागला न. दाबू का?"

सगळं सभागृह मॅडमकडे पाहत होतं. सचिव साहेबही पाहत होते. दाब म्हटलं असतं तर कमलबाईने दाबलं असतं. मास्तरणीचा शब्द ती मोडत नसे. टाळ्या झाल्या असत्या, पाहुणे खूश, कंपनी खूश, आणि ती जागा, तो खिडकीचा कट्टा सोडून खरंखुरं कपाट. एका शब्दाचं काम होतं.

मॅडम म्हणाल्या, "कमलबाई, दुकान कोणाचं?"

"माह्यं."

"मंग मले काऊन विचारून राह्यली?"

कमलबाई खाली बसली. फोन मांडीवर पालथा घातला आणि त्यावर पदर ओढला. पडद्यावर लाल अक्षरं आली. विक्रेत्याने प्रतिसाद दिला नाही. ऑर्डर रद्द.

निखिल सरांनी माइक घेतला. हसत म्हणाले की ट्रेनिंग जरा कमी पडलेलं दिसतं, ग्राहक एकदा परत गेला की दुकान बंद पडतं, हे या मावशींना समजवावं लागेल. मॅडमकडे दुसरा माइक होता. त्या बोलल्या, आणि तेव्हा त्यांनी एक शब्दही आमच्या बोलीतला घेतला नाही. कुणाला हसायला जागा ठेवायची नव्हती त्यांना. "ट्रेनिंग कमी पडलेलं नाही, सर. बटण कुठे आहे हे त्यांना माहीत आहे. त्यांनी ते दाबलं नाही. दुकान बंद करण्याची वेळ आम्ही तुमच्याकडे पहिल्याच बैठकीत मागितली होती. तुम्ही दिली नाही, म्हणून त्यांनी ती स्वतः घेतली." आणि माइक खाली ठेवला.

पुढचं काय सांगायचं! पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम होता. अहवालात लिहिलं गेलं की वापरकर्त्यांचा बदलाला विरोध आढळला, आणि प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण झाला. दोन्ही वाक्यं एकाखाली एक. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. नव्या वर्षी मॅडमना सांगण्यात आलं की तासिका उपलब्ध नाहीत. आमच्या मागच्या वर्गाला मग ई-कॉमर्स शिकवायला जे आले त्यांनी गाइडमधलं ते वाक्य फळ्यावर लिहून दिलं. पोर्टल काही दिवसांनी उघडेनासं झालं. गटातल्या दोघी-तिघी कमलबाईवर चिडल्या होत्या, तिच्यापायी आपला माल गेला म्हणून, तेही खरं आहे. पण कुणी कंपनीला विचारलं का, की एक चौकट द्यायला काय होत होतं? सचिव साहेबांनी विचारलं? संस्थेने? ज्यांच्या हातात माइक होते त्यांपैकी एकाने तरी?

मी आता पुण्यात असल्याच सॉफ्टवेअरची तपासणी करते. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की यूजरच अडाणी आहेत, तर माझ्या तोंडून निघतं, "इथं दुकान कोणाचं?" लोक एकमेकांकडे पाहतात. बोलताना 'मधात' म्हटलं की हसतातही. हसोत. मी त्यांना नवीन दुकानाच्या पानावर उघडायची आणि बंद करायची वेळ टाकायला लावते, आणि ती चौकट दिसेपर्यंत पास म्हणत नाही.

मॅडमना शेवटचं पाहिलं ते धाडच्या बाजारात. मी सुटीत आले होते, मैत्रिणीकडे मुक्काम होता. संध्याकाळ उतरली होती, पालं मोडत होती. कमलबाईच्या टेबलाशी मॅडम उभ्या होत्या, त्याच दोन पिशव्या, केस बरेच पांढरे. आता त्या घरी शिकवण्या घेतात आणि गटाच्या ऑर्डरी मोबाइलवरच्या ग्रुपवर सांभाळतात. ग्रुपचं नावच त्यांनी ठेवलंय, 'दिवा लागल्यावर दुकान बंद'. माल जातो. मुंबईलाही जातो.

"कमलबाई, लोणच्याची एक बरणी द्या," मी म्हणाले. "सकाळी मला पुण्याला निघायचंय."

कमलबाईने डोक्यावर टांगलेल्या बल्बकडे पाहिलं. तो नुकताच लागला होता. "आता गं पोरी? सकाळी ये. जीप निघायच्या अंदर देते."

मी मॅडमकडे वळले. "तुम्ही सांगा ना मॅडम, एवढी एक बरणी."

"मी काऊन सांगू?" त्या पोत्याचं तोंड बांधत होत्या. मान वर केली तेव्हा कळलं की हसताहेत. वर्गात त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "पाह्य कमलबाई, पुण्याचं गिऱ्हाईक परत चाललं. पडलं का दुकान बंद?"

"कायले पडते!" कमलबाई म्हणाली.

मॅडमनी टेबलाचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकाकडे हनुवटीने खूण केली.

"उंद्री, उचल."